यंत्राचा भरवसा कसा मोजावा?
तेलविहिरींच्या अभ्यासातून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

आपल्या शिक्रापूर-पाबळ भागात ज्याची बोअरची मोटर कधी जळाली नाही असा बागायतदार शोधून सापडायचा नाही. मोटर जळाली की चेन-कप्पी लावून सगळे पाइप वर ओढायचे, केबल तपासायची, मोटर रिवाइंडिंगला पाठवायची आणि चार-सहा दिवस पिकाकडे बघत बसायचे. मेकॅनिक हात पुसत सांगतो, "या कंपनीची मोटर आठ महिन्यांच्या वर टिकत नाही." आपण मान डोलावतो, दुसऱ्या कंपनीची मोटर आणतो आणि पुढच्या वर्षी तोच मेकॅनिक त्या कंपनीबद्दलही तेच सांगतो.

हा आठ महिन्यांचा आकडा खरा की खोटा, हे कसे ठरवायचे? प्रश्न साधा वाटतो, पण जमिनीखालून आणि समुद्राखालून तेल काढणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या याच प्रश्नावर कित्येक वर्षे अभ्यास करीत आहेत. मी कापडाचा व्यापारी, इंजिनिअर नव्हे. पण माझा एक भाचा समुद्रातील तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काही वर्षे नोकरी करून आला. त्याच्याशी बोलताना आणि त्याने दिलेले वाचताना लक्षात आले, की तेथला हिशेब आपल्या मागाला, शिलाई मशिनला आणि पिठाच्या गिरणीलाही लागू पडतो. इंग्रजीत त्याला रिलायबिलिटी म्हणतात. आमच्या उर्दूत एतबार, मराठीत भरवसा. भरवसा ही मनाची गोष्ट आहे असे आपण समजतो. हे लोक तिला आकड्यात मांडतात.

प्रथम तेलविहीर म्हणजे काय ते पाहू. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या जहाजवजा रिगने १९७४ साली तेथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील वायू समुद्रतळावरच्या नळाने उरणला येतो आणि उरणच्या कारखान्यात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. आज उरणहून चाकण आणि शिक्रापूरकडे या गॅसची पाइपलाइनही आलेली आहे. तेव्हा मुंबई हाय आपल्यापासून वाटते तेवढे दूर नाही.

विहीर नवी असते तेव्हा आतील दाबानेच तेल वर येते. वर्षे गेली की दाब उतरतो, तेलात पाणी वाढते आणि तेलाला वर उचलावे लागते. उचलण्याच्या पद्धती अनेक आहेत. आपल्या कामापुरत्या दोन बघू.

एक पद्धत सबमर्सिबल पंपाची, म्हणजे आपल्या बोअरच्या मोटरचाच मोठा भाऊ. हा पंप अर्मेनियन वंशाच्या अरुतुनोफ या इंजिनिअरने रशियात तयार केला. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९२८ च्या सुमारास ओक्लाहोमा राज्यातील बार्टल्सव्हिल येथे त्याचा धंदा उभा राहिला. 'रेडा' हे त्याच्या पंपाचे नाव आजही तेलाच्या धंद्यात चालते. काही इंच जाडीची, पण कित्येक फूट लांबीची ही मोटर एक-दोन किलोमीटर खोल, गरम तेल, वायू, वाळू आणि खाऱ्या पाण्यात दिवसरात्र फिरते. बिघडली की सगळे नळ रिग लावून वर काढायचे. समुद्रात रिगचे एका दिवसाचे भाडे इतके असते की त्यापुढे पंपाची किंमत किरकोळ वाटावी.

दुसरी पद्धत गॅस लिफ्टची. मुंबई हायमध्ये प्रामुख्याने हीच वापरतात. तेलाच्या नळाभोवतीच्या पोकळीतून दाबाने वायू खाली सोडतात. तो खोलवरच्या झडपेतून तेलात शिरतो, तेल फेसाळून हलके होते आणि वर येते. खाली फिरणारे असे काहीच नाही. झडप बिघडली तर बारीक तारेने तेवढी झडप काढून दुसरी बसवता येते, नळ हलवावे लागत नाहीत. मात्र वायू दाबणारा कॉम्प्रेसर वर प्लॅटफॉर्मवर असतो आणि तो बंद पडला की एकदम अनेक विहिरी मंदावतात. म्हणजे पहिल्या पद्धतीत जोखीम विहिरीगणिक वाटलेली, तर दुसरीत ती एका जागी जमलेली. यंत्र घेताना किती वेळा बिघडेल एवढेच विचारून भागत नाही. बिघडल्यावर त्याच्यापाशी पोचायला किती खर्च येईल आणि त्याच्याबरोबर आणखी कोण थांबेल, हेही विचारावे लागते. एका शाफ्टवर दहा मशिने चालवावीत की दहांना दहा मोटरी द्याव्यात, हा आपला जुना वाद याच जातीचा आहे.

आता त्या आठ महिन्यांच्या आकड्याकडे वळू.

समजा, एका यंत्रमागवाल्याने एकाच दिवशी दहा नव्या मोटरी बसवल्या. दोन वर्षांनी हिशेब केला. चार मोटरी जळाल्या होत्या: एक ४ महिन्यांत, एक ८, एक १२ आणि एक १६ महिन्यांत. चारांची बेरीज ४०, म्हणून सरासरी, म्हणजे आम्ही शाळेत शिकलेली औसत, निघाली १० महिने. मागवाला सांगत सुटला, ही मोटर दहा महिने टिकते. पण उरलेल्या सहा मोटरी तर २४ महिने होऊनही चालूच आहेत! त्यांना हिशेबातून का वगळले? कारण त्या दुरुस्तीला आल्या नाहीत, म्हणून वहीत आल्या नाहीत. मेकॅनिकच्या दुकानात फक्त जळालेली मोटर येते. चांगली चालणारी मोटर त्याला कधी दिसतच नाही, मग तिची तारीफ तो कशी करणार?

बरोबर हिशेब असा. सहा मोटरी गुणिले २४ म्हणजे १४४ महिने. त्यात जळालेल्या चारांचे ४० मिळवले की एकूण चालणे १८४ महिने. बिघाड ४. भागाकार ४६. म्हणजे एका बिघाडामागे ४६ महिन्यांचे काम. कुठे १० आणि कुठे ४६! तेलाच्या धंद्यातही पूर्वी कित्येकजण वर काढलेल्या पंपांचीच सरासरी धरत आणि चांगल्या पंपाला वाईट ठरवून जास्त किमतीचा पंप घेत. उलटीही फसवणूक होते. विक्रेता नुकत्याच बसवलेल्या शंभर मोटरी दाखवून सांगतो, एकही जळाली नाही. अरे बाबा, महिनाच झाला आहे!

यातच दुसरी मेख अशी, की वर काढलेला प्रत्येक पंप बिघडलेला नसतो. कधी विहिरीचे दुसरे काम करायचे म्हणून चांगला पंप वर येतो, कधी नळाला भोक पडले म्हणून. त्यालाही बिघाड म्हटले तर हिशेब गेला. कॅनडातील एडमंटन येथील सी-फर या संशोधन संस्थेने १९९९ पासून अनेक तेल कंपन्यांना एकत्र आणून सबमर्सिबल पंपांच्या बिघाडांची सामाईक नोंद सुरू केली. तेथे पहिले काम शब्द ठरवण्याचे होते. बिघाड कशाला म्हणायचे, तो कसा दिसून आला, कोणता भाग गेला आणि मूळ कारण काय, ही चार वेगळी खाणी. आपण एका शब्दात सांगतो, "मोटर जळाली." जळणे हे शेवटचे चित्र झाले. आधी केबलच्या जोडातून पाणी शिरले की व्होल्टेज पडले, की वाळूने पंप जाम झाला, हे मोटर उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. रिवाइंडिंगवाल्याला उघडताना आपण समोर उभे राहत नाही, हीच आपली चूक.

शिवाय जागा बदलली की आयुष्य बदलते. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रातून २००९ पासून तेल निघते. ते मेणचट आहे, थंड झाले की थिजते. तेथे पंपाला जे सोसावे लागते ते मुंबई हायच्या यंत्राला नाही आणि मुंबई हायच्या खाऱ्या हवेचा त्रास बाडमेरला नाही. म्हणून दुसऱ्याच्या गावचा तजुर्बा ऐकावा जरूर, पण तेथली वीज आणि पाणी कसे आहे तेही विचारावे.

सरासरी बरोबर काढली तरी ती सगळे सांगत नाही. दोन मशिनांची सरासरी सारखी असूनही एक सुरुवातीलाच दगा देईल आणि दुसरे म्हातारपणी. हा फरक ओळखण्याची पद्धत स्वीडनच्या वायबुल नावाच्या इंजिनिअरने दिली. त्याचा १९५१ चा निबंध जगभर गाजला. येथे आपल्या कापडवाल्यांसाठी एक गंमत आहे. आपले सूत्र किती ठिकाणी लागू पडते हे दाखवताना त्याने पोलादाच्या मजबुतीबरोबर हिंदुस्थानी कापसाच्या धाग्याच्या मजबुतीचे आकडे घेतले होते! आज तेलविहिरीच्या पंपाचे आयुष्य ज्या सूत्राने मोजतात, त्याची एक परीक्षा आपल्या कापसावर झालेली आहे. त्याही आधी १९२६ साली मँचेस्टरच्या सूत संशोधन संस्थेत पिअर्स याने सुताविषयी हेच मांडले होते. सूत तुटते ते सगळ्यात कच्च्या जागी, म्हणून जितका लांब तुकडा तपासाल तितकी त्याची ताकद कमी भरते, कारण लांब तुकड्यात कच्ची जागा असण्याचा संभव जास्त. ताणा भरणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे हाताने माहीत आहे.

वायबुलच्या सूत्रात एक आकडा आकाराचा असतो. तो १ पेक्षा कमी आला तर बिघाड सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी. याचा अर्थ माल किंवा बसवणूक सदोष आहे. येथे लवकर बदली करणे म्हणजे टिकलेले यंत्र काढून पुन्हा नव्याची जोखीम घेणे. आकडा १ च्या जवळ असेल तर बिघाड वयावर अवलंबून नाही. वीज पडावी तसा तो कधीही येतो. १ पेक्षा बराच जास्त असेल तर झीज आहे आणि तेव्हाच मुदत ठरवून भाग बदलण्यात अक्कल आहे. अमेरिकेत विमानांच्या देखभालीवर नोलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल आहे. त्यात १०० पैकी केवळ ११ प्रकारच्या भागांत वयाबरोबर झीज वाढताना दिसली. तब्बल ६८ प्रकारांत बिघाडाचा धोका नवेपणी जास्त होता. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी चांगले मशिन खोलून "ओव्हरहॉल" करणारे उत्साही मालक आहेत. खोलल्यावर आठवडाभर ते मशिन का कुरकुरते, याचे उत्तर येथे मिळते.

कच्च्या जागेचा नियम पूर्ण साखळीलाही लागतो. विहिरीतील झडप, नळ, तोंडावरचे यंत्र, वायू आणि पाणी वेगळे करणारी टाकी, पंप, पुढची पाइपलाइन, हे सगळे एकापुढे एक असते. एक थांबले की सगळे थांबते. अशा २० कड्यांपैकी प्रत्येक कडी १०० पैकी ९९ वेळा बरोबर चालते असे धरा. वाटते, भक्कम आहे. पण गुणाकार केला तर पूर्ण साखळी चालू राहण्याची खात्री १०० पैकी ८२ च उरते. यावर उपाय म्हणून जोडीला दुसरे यंत्र ठेवतात. ९० टक्के भरवशाची दोन यंत्रे असली तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता १०० त १. मात्र हे खरे केव्हा? दोघांची बिघाडाची कारणे वेगळी असतील तेव्हा. दोन्ही जनरेटर एकाच टाकीतून डिझेल पीत असतील आणि डिझेलच खराब असेल, तर दुसरा जनरेटर नुसता लोखंडाचा शो.

जनरेटरचे नाव निघालेच आहे तर स्वतःचे सांगतो. माझ्याकडे दुकानाला जोडून शिलाईचे लहान खाते आहे. वीज गेली तर असावा म्हणून एक जनरेटर घेऊन ठेवला होता. वर्षभर त्याला कोणी हात लावला नाही आणि मीही निर्धास्त. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत ट्रान्सफॉर्मर गेला, वीज दोन दिवस आली नाही. जनरेटरला चावी दिली तर बॅटरी मेलेली. दुसरी बॅटरी आणली तर डिझेलची नळी गाळाने बंद. पठाणी सूटच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत, आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. ते एक वेळ सोडा. पीसवर काम करणाऱ्या आठ कारागिरांची ईदच्या तोंडावरची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मी अर्धी भरून दिली, पण ज्याच्या घरी पोरांचे कपडे घ्यायचे होते त्याचे तोंड मला आठवते. जनरेटर त्या दिवशी बिघडला नव्हता. तो केव्हातरी आधीच मेला होता आणि मला ठाऊक नव्हते.

तेलविहिरीत अशा लपलेल्या बिघाडाचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे खोलवर बसवलेली सुरक्षा झडप. ती नेहमी उघडी असते. वरून तेलाच्या दाबाने तिला उघडी धरतात, तो दाब गेला की स्प्रिंग तिला बंद करते. म्हणजे वर आग लागली, नळी तुटली, काहीही झाले तरी तिने आपोआप मिटायचे. रचना उत्तम आहे, पण वर्षानुवर्षे उघडी राहिलेली झडप मिटेल की अडकेल हे बघून कळत नाही. म्हणून तिला साधारण सहा महिन्यांनी मुद्दाम मिटवून बघतात. याचा हिशेब सोपा आहे. झडप सरासरी १० वर्षांतून एकदा अडकते आणि तपासणी वर्षातून एकदा होते असे धरा. अडकलेली झडप सापडेपर्यंत सरासरीने सहा महिने जातात. १२० महिन्यांत ६ महिने, म्हणजे १०० पैकी ५ दिवस आपण रक्षणावाचून असतो. तपासणी सहा महिन्यांवर आणली की तेच अडीच दिवसांवर येते. झडप तीच, खर्च फक्त तपासण्याचा.

आणि लहान बिघाड एकत्र आले की काय होते ते २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमध्ये दिसले. मुंबई आणि कोकण आदल्या दिवसाच्या पावसाने बुडालेले होते, म्हणून ही बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. 'समुद्र सुरक्षा' या मदत-जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना कापले. त्याला उपचारासाठी उत्तर मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर चढवायचे होते. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालू नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आणले. जहाजाच्या फिरत्या पंख्यांच्या संगणकी नियंत्रणातही अडचण होती, म्हणून ते हाताने चालवत आणले. लाटेने जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले आणि समुद्रतळातून वर येणाऱ्या वायूच्या नळाला लागले. वायू सुटला, पेटला, शेजारचे नळ फुटत गेले आणि सुमारे दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म नष्ट झाला. प्लॅटफॉर्म व आसपासच्या ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली.

येथे बारकाईने बघा. बंद क्रेन हा किरकोळ बिघाड होता, दुरुस्तीच्या यादीत असतो तसा. जहाजाच्या नियंत्रणाची अडचण हाही रोजचाच प्रकार. दोन्ही वेगवेगळ्या वह्यांत लिहिले असते तर कोणालाच भीती वाटली नसती. नळांवर आणीबाणीच्या झडपाही होत्या. पण काही नळांची लांबी १२ किलोमीटरपर्यंत होती आणि नळ तुटल्यावर त्यात भरलेला वायू थांबवणे शक्य नव्हते. जहाजे जेथे रोज येतात तेथेच नळ उभे होते आणि त्यांना पुरेसा आडोसा नव्हता. प्रत्येक यंत्राचा भरवसा वेगवेगळा मोजून हे दिसत नाही. आज हे बंद आहे, तेही बंद आहे, तर आजचे काम उद्यावर टाकावे का, हा प्रश्न कोणीतरी एका जागी बसून विचारावा लागतो. आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांत वायरिंग जुने, आग विझवायची नळकांडी रिकामी आणि मागचे दार मालाने अडवलेले, अशी तीन किरकोळ कारणे एकत्र नांदत असतात.

हे सगळे मोजायला नोंदी लागतात. नॉर्वेने १९८१ पासून समुद्रातील यंत्रांच्या बिघाडांची सामाईक नोंद सुरू केली. 'ओरेडा' हे तिचे नाव. एकमेकांशी धंद्यात टक्कर घेणाऱ्या कंपन्या आपले बिघाड तेथे एका वहीत लिहितात, कारण एकट्याच्या आकड्यांतून काही निघत नाही हे त्यांना पटले. नोंद कशी ठेवावी याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आले. आपल्याकडे ओएनजीसीच्या समुद्री इंजिनिअरिंगच्या आणि तेल उत्पादन तंत्राच्या दोन संस्था पनवेलला आहेत, १९८० च्या दशकापासूनच्या.

आपल्याला एवढे अवडंबर नको. शंभर पानी वही पुरे. मशिन बसवल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख, बंद पडताना काय दिसले, उघडल्यावर काय सापडले, किती दिवस काम थांबले. आणि जे मशिन बंद पडले नाही त्याचेही नाव त्या वहीत हवे, नाहीतर पुन्हा दहा महिन्यांचाच आकडा निघेल. मी माझ्या खात्यातील १२ मशिनांची अशी वही तीन वर्षे ठेवली. तिच्यातून निघाले, की मी ज्या दोन जुन्या मशिनांना भंगारात काढणार होतो ती सर्वांत कमी थांबलेली होती आणि निम्म्याहून अधिक बिघाड नव्या मशिनांच्या पहिल्या तीन महिन्यांतले होते. आता नवे मशिन मी हंगामाच्या आधी चार महिने घेतो. जनरेटर दर सोमवारी दहा मिनिटे चालवतो, नुसता नव्हे तर चार मशिने आणि पंखे जोडून, कारण रिकामा जनरेटर सुरू होतो पण भार घेताना बसतो, हेही एकदा तसाच चालवून बघताना कळले.